संलग्नतेची वही



पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या आहेत आणि त्या अजून रिकाम्या आहेत. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या खेळाडूंनो, तुम्ही तिथे येऊन बसावं असं मला फार वाटतं. पण सर असते तर त्यांनी बसू दिलं नसतं. राखीव म्हणजे राखीव. पाहुणे दीड तास उशिरा आले तरी खुर्ची त्यांचीच. तेव्हा तुम्ही उभेच राहा, आणि आपण उभे का आहोत हा प्रश्न तेवढा मनात असू द्या. आजचं माझं बोलणं त्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

सरांच्या स्मृत्यर्थ बोलायला मला बोलावलं, याचं कारण मी त्यांची विद्यार्थिनी होते असं पत्रिकेत छापलंय. ते खरं नाही. मी त्यांच्यामागे फिरणारी एक पोरगी होते. महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे, गुडघा गेला, आणि पुढे शिकताना प्रबंधासाठी विषय घेतला : क्रीडासंघटनांचं व्यवस्थापन. पहिल्या भेटीत मी जिल्हा संघटनेचे कार्यवाह असलेल्या सरांकडे संघटनेची घटना, पाच वर्षांचे अहवाल आणि ताळेबंद मागितले. सरांनी ते सगळं बिनतक्रार काढून दिलं आणि म्हणाले, “हे वाच. मग चार महिने माझ्या मागे फिर. आणि मग सांग, यातलं काय खरं आहे ते.”

संघटनेचं कार्यालय कुठे आहे, असं मी विचारलं होतं. सरांनी खांद्यावरच्या पिशवीवर हात ठेवला. त्या पिशवीत संघटनेचा शिक्का आणि शाईचा पॅड होता, लेटरहेड होतं, कोऱ्या गुणपत्रिका, दोन शिट्ट्या, क्रेप बँडेज, भाग्यपत्रिकेच्या चिठ्ठ्या टाकायला एक स्टीलचा डबा आणि तळाशी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही. त्या वहीकडे मी शेवटी येणार आहे. आधी बाकीच्या पिशवीबद्दल.

व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी एक साधी गोष्ट केली होती. व्यवस्थापक काय करतात हे पुस्तकात लिहिलेलं होतंच : नियोजन, संघटन, समन्वय, नियंत्रण. मिंट्झबर्ग पाच संस्थाप्रमुखांच्या शेजारी प्रत्येकी एक आठवडा बसले आणि ते करतात काय, हे टिपत राहिले. १९७३ साली त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडलं. आढळलं ते असं की कामाचे तुकडे तुकडे असतात. फोन, अडवणूक, अचानक आलेला माणूस, अर्धवट सुटलेलं बोलणं. शांत बसून नियोजन करणारा माणूस त्यांना दिसलाच नाही. सरांनी मिंट्झबर्ग वाचला नव्हता. पण ‘माझ्या मागे फिर’ म्हणाले, तेव्हा सांगत होते ते हेच.

जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेच्या एका दिवसात माझ्या टिपणवहीची अकरा पानं भरली. पहाटे साडेपाचला फक्की मारायला माणूस आला नाही म्हणून सरांनी स्वतः दोरी धरली. तेरा बाय दहा मीटरचं मैदान, एक सूत इकडे तिकडे नाही. मग वजनं. एक मुलगा चारशे ग्रॅम जास्त भरला, तो स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत राहिला आणि त्याचे प्रशिक्षक काटाच चुकीचा आहे म्हणून भांडत राहिले. एका संघाचा टेम्पो घाटात बंद पडला. त्यांचा सामना मागे ढकलायचा तर भाग्यपत्रिका बदलावी लागते, आणि भाग्यपत्रिका बदलली की दुसऱ्या संघाला वाटतं की यात काहीतरी आहे. पंचांचं मानधन, संध्याकाळचे दिवे, जन्मदाखल्यावरची खाडाखोड. उद्‌घाटक आले तेव्हा सामना रंगात होता. तो थांबवून दोन्ही संघांना ओळखपरेडीला उभं केलं. अंग थंड झालेल्या एका चढाईपटूची पुढच्याच चढाईत मांडी भरून आली. रात्री बारा वाजता सर मोटारसायकलवर बसून घरी गेले.

संघटनेच्या वार्षिक अहवालात या दिवसाबद्दल एक ओळ आहे : ‘स्पर्धा उत्साहात पार पडली.’

त्या ओळीने दोन गोष्टी झाकल्या. एक, कामाचा डोंगर आणि तो उपसणारी तीन-चार माणसं. दोन, त्या दिवशी घेतले गेलेले निर्णय. टेम्पोवाल्या संघाला थांबून घेतलं, पण आदल्या वर्षी तसाच उशिरा आलेला दुसरा संघ बाद केला होता. का? नियम एकच होता, कार्यवाहही तेच. या प्रश्नाचं उत्तर घटनेत नव्हतं आणि ताळेबंदातही नव्हतं. ते त्या लांबट वहीत होतं. थांबून घेतलेल्या संघाचं नाव वहीत होतं. बाद केलेल्या संघाचं नाव ‘विचाराधीन’ होतं.

वहीवर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘संलग्न मंडळे’.

आपल्याकडे क्रीडासंघटना म्हणजे कायद्याच्या भाषेत एक नोंदणीकृत संस्था असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी नोंद, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वाचनालय असो, भजनी मंडळ असो की जिल्हा संघटना, साचा एकच. या संस्थेचे सभासद कोण? गावोगावची मंडळं. राज्य संघटनेचे सभासद कोण? जिल्हा संघटना. राष्ट्रीय महासंघाचे सभासद राज्य संघटना, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे सभासद देशोदेशीचे महासंघ. अशी ही शिडी. तिच्या प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीची माणसं मत देतात. आता या शिडीत खेळाडू कुठे आहे, ते शोधा. मी शोधलं. तो शिडीखाली उभा आहे. तो संघात असतो, संघटनेत नसतो.

आज मला एवढंच सांगायचं आहे : एखादी क्रीडासंघटना कशी चालते हे पाहायचं असेल तर तिची सभासदांची यादी बघा. त्या यादीत कोण आहे, कोणाला घेतलं नाही, कोणाचं नाव विचाराधीन ठेवलं आणि किती वर्षं ठेवलं. निवड समिती कोणाची, पंच कोण, राज्य स्पर्धा कोणत्या तालुक्याला द्यायची, हे सगळं त्या यादीतून खाली झिरपतं. सहकाराच्या महाराष्ट्रात हे सांगायला नको. साखर कारखान्याचं राजकारण गळीत हंगामात दिसतं, पण ते ठरतं सभासद नोंदणीत.

हे फक्त जिल्ह्याचं चित्र आहे असं वाटत असेल, तर २०२२ चा ऑगस्ट महिना आठवा. भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवडणुका रखडल्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती कारभार पाहत होती. ३ ऑगस्टला न्यायालयाने निवडणुकीसाठी नवी मतदारयादी मान्य केली : राज्य संघटनांचे ३६ प्रतिनिधी आणि त्यांच्या बरोबरीने ३६ नामवंत माजी खेळाडू, त्यांत २४ पुरुष आणि १२ महिला. शिडीखाली उभा असलेला खेळाडू पहिल्यांदाच शिडीवर चढत होता. बाराच दिवसांत फिफाने भारताला निलंबित केलं. कारण दिलं तिसऱ्या पक्षाच्या हस्तक्षेपाचं. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत व्हायची होती. ती हातची जायची वेळ आली. २२ ऑगस्टला न्यायालयाने प्रशासक समिती विसर्जित केली आणि यादीतले ३६ खेळाडू गळाले. उरल्या राज्य संघटना. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला मतदान झालं. अध्यक्षपदाला उभे होते भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतिया. त्यांना मिळालेली मतं : एक. समोरच्याला तेहतीस.

निवडून आलेले कल्याण चौबे हेही माजी गोलरक्षक आहेत, त्यामुळे ‘खेळाडू विरुद्ध पुढारी’ असा हिशेब मी मांडणार नाही. फिफाचीही एक बाजू आहे. सरकारं आणि न्यायालयं महासंघ ताब्यात घेऊ लागली तर जगभर खेळाचं काय होईल, ही भीती निराधार नाही. माझा मुद्दा यादीपुरता आहे. महिनाभर देश हस्तक्षेप, स्वायत्तता, सार्वभौमत्व हे शब्द ऐकत होता. प्रत्यक्षात भांडण एका यादीचं होतं, आणि ३६ नावं यादीत ठेवायची की काढायची एवढंच ठरायचं होतं.

क्रिकेटकडे वळते. क्रिकेट नियामक मंडळ १९२८ सालचं. ते तमिळनाडूत नोंदलेली एक संस्था आहे. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या-माझ्या मंडळाची श्रीमंत बहीण. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळ म्हणजे ‘राज्यसंस्था’ नव्हे. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की तरीही मंडळ सार्वजनिक काम करतं आणि म्हणून न्यायालयाला उत्तर देणं लागतं. हे प्रकरण न्यायालयात नेलं कोणी? बिहारच्या क्रिकेट संघटनेने. राज्याचं विभाजन झाल्यावर बिहारला मंडळाच्या यादीत धड जागा उरली नव्हती, तिथली मुलं रणजी खेळू शकत नव्हती. यादीबाहेर राहिलेल्यानेच यादीवाल्यांना कोर्टात उभं केलं. २०१८-१९ च्या हंगामात बिहारचा संघ रणजीत परतला.

त्या प्रकरणातून लोढा समिती आली. तिच्या शिफारशींपैकी वय, मुदत आणि दोन कार्यकाळांमधली सक्तीची विश्रांती यांची चर्चा फार झाली. आपल्या दृष्टीने मोठी शिफारस वेगळी होती : एक राज्य, एक मत. महाराष्ट्राची तीन मतं आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातचीही तीन. उत्तर प्रदेशाएवढ्या राज्याचं एक. कागदावर शिफारस इतकी स्वच्छ होती की तिला विरोध करणारा स्वार्थीच वाटावा. न्यायालयाने २०१६ मध्ये ती स्वीकारली. पण २०१८ च्या १ जानेवारीला विदर्भाने इतिहासात पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. ज्या संघाने मैदानावर आपलं नाव कमावलं, त्याला मतासाठी पाळीपाळीने थांबायला सांगणं न्याय्य आहे का? ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ही अट मागे घेतली आणि जुन्या संघटनांचं स्थान त्यांच्या इतिहासासह कायम ठेवलं.

हे उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण अभ्यासकाला सोपी उत्तरं फार आवडतात. यादी दिल्लीत बसून सरळ रेषेत आखली की न्याय होतो, असं नाही. यादीला इतिहास असतो. विदर्भाचं नाव यादीत राहिलं ते योग्यच झालं, पण कोणत्या कारणाने? जुनं आहे म्हणून, की खेळतं म्हणून? ही दोन कारणं वेगळी आहेत. त्यांतलं दुसरं मला महत्त्वाचं वाटतं.

आणि यादी नुसती मतांची नसते. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम असताना चालत दहा मिनिटांवर वानखेडे का उभं राहिलं, याचं उत्तर कुठल्याही नगररचनेत नाही. ब्रेबर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं होतं, सामने भरवणारी मुंबईची संघटना वेगळी, आणि कोणाला किती तिकिटं यावरून दोघांत वर्षानुवर्षं वितुष्ट. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी दुसरं स्टेडियमच बांधलं, आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. ‘पास’ हा शब्द कोणत्याही संघटनेच्या घटनेत सापडणार नाही. पण सामन्याच्या आदल्या आठवड्यात कार्यवाहाचा फोन कोण कोण उचलायला लावतं, ते पाहा. कोणती संस्था कोणावर उभी आहे, ते आपोआप कळेल.

आता आपल्या मातीतला खेळ. कबड्डीला नियम देणं हेच मुळात संघटनेचं काम होतं. हुतुतू, हुडूडू, चेडुगुडू, प्रांताप्रांताला वेगळं नाव आणि वेगळी रीत. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापून स्पर्धा घेतली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी अख्खं आयुष्य त्यात घातलं, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्णपदक भारताचं. हे वेड्या माणसांनी केलं. रजा खर्ची घालून, घरच्यांच्या शिव्या खाऊन.

मग २०१८ चा ऑगस्ट आला. महिन्याच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघातलं ‘आजीव अध्यक्ष’ हे पद आणि त्याच आजीव अध्यक्षांच्या पत्नीची अध्यक्षपदी झालेली निवड, दोन्ही रद्द केली आणि प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत आपले पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले. महिलांचा अंतिम सामनाही इराणशीच होता. इराण २७, भारत २४. इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्राच्या मातीवर मुली घडवण्यात आयुष्य काढलेली बाई दुसऱ्या देशाच्या बाकावर बसून आपल्याला हरवत होती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात आशियाई संघ आणि डावलले गेलेले खेळाडू यांच्यात निवडीचा सामना घ्या, असा आदेशही न्यायालयाने दिला होता; आशियाई संघ त्या दिवशी मैदानावर आलाच नाही. कबड्डीची निवड चाचणी उच्च न्यायालयाने ठरवावी, ही वेळ का येते? निवड समिती कोणाला उत्तर देते, ते शोधा. पुन्हा यादीपाशीच येऊन थांबाल.

आणि पैसा आला म्हणून यादी बदलत नाही. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख. चार वर्षांत बोली जवळजवळ बारा पट झाली. खेळाडूचं मत? आधीही शून्य होतं, नंतरही शून्यच.

पण लिलावात नाव येणारे मोजके. माझ्यासमोर भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे, तुम्हाला या यादीचं ओझं जाणवतं ते प्रमाणपत्रातून. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. या दोन्हींसाठी कागद लागतो आणि त्या कागदावर मान्यताप्राप्त संघटनेचा शिक्का लागतो. पडताळणीच्या टेबलावर पहिला प्रश्न ‘कसं खेळलास?’ हा नसतो. ‘संघटना कोणती?’ हा असतो. आता जिल्ह्यात किंवा राज्यात दोन गट पडले, दोघेही स्वतःला खरी संघटना म्हणवू लागले, तर तुमच्या हातातलं पदक कोणत्या गटाचं, यावर तुमची नोकरी ठरते. कुस्तीने हे भोगलं. २०२३ च्या नोव्हेंबरात एक महाराष्ट्र केसरी फुलगावला झाली आणि एक धाराशिवला. दोन्हीकडे आखाड्यात पैलवान घाम गाळत होते. गदाही खरी, डावही खरे. खरी संघटना कोणती एवढंच ठरायचं राहिलं होतं.

इथवर ऐकून तुमच्यातल्या तरुणांना वाटत असेल की मी पदाधिकाऱ्यांवर दात धरून आहे. तसं नाही. पहाटे साडेपाचला दोरी धरणारा माणूस तोच होता, ज्याच्या पिशवीत ती वही होती. ही गोष्ट मला चार महिन्यांत कळली आणि नंतर वीस वर्षं पचली नाही. आपल्याकडे खेळ पुष्कळदा संघटनांनी सोडून दिलेला असतो आणि कोणीतरी एकट्याने उचललेला असतो. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. जिल्ह्याजिल्ह्यात असे छोटे खर्डेकर असतात. त्यांना पगार नसतो, पेट्रोलसुद्धा पदरचं. मोबदल्यात त्यांच्या हाती येते ती वही. जो राबतो तो वही धरतो, आणि वही धरली की ती सोडवत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. वही सोडली तर एवढ्या वर्षांच्या राबण्याचा पुरावाच हातातून जातो, म्हणून.

म्हणूनच सुधारणा वरून येतात तेव्हा मला अर्धाच आनंद होतो. २०११ च्या क्रीडासंहितेने वय आणि कार्यकाळ बांधला. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारी समितीत जास्तीत जास्त १५ जण, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, तंटे सोडवायला स्वतंत्र न्यायाधिकरण. चांगलंच आहे. चार महिलांच्या तरतुदीचं महत्त्व मला विचारा. आमच्या जिल्हा संघटनेच्या ज्या सर्वसाधारण सभांना मी टिपणं घ्यायला बसले, त्यांत चहा देणारी सोडली तर बाई मी एकटीच असायचे, आणि मलाही सभागृहातल्या कोणीतरी ‘चहा झाला का?’ असंच विचारलं होतं. पण हा कायदा शिडीच्या वरच्या पायऱ्या दुरुस्त करतो. सर्वांत खालची पायरी, म्हणजे तालुक्यातलं मंडळ आणि जिल्ह्याची वही, तिच्यापर्यंत तो पोहोचायला फार वेळ लागेल. आणि शिडी टेकलेली असते ती तळाशीच.

मग करायचं काय? अभ्यासकांना माझं सांगणं आहे : घटना वाचा, पण पहिल्या दिवशी वाचून बाजूला ठेवा. एक हंगाम कार्यवाहाच्या मागे फिरा. संलग्न मंडळांची यादी घ्या आणि एकेका पत्त्यावर जा. कुठे मंडळाच्या पाटीखाली आता मोबाइलचं दुकान सापडेल. कुठे एकाच वाड्यात तीन मंडळं राहत असतील आणि तिघांचे अध्यक्ष एकमेकांचे मेहुणे असतील. आणि कुठे पाटी नाही, नोंदणी नाही, पण संध्याकाळी चाळीस पोरी सराव करत असतील. मी हे सगळं पाहिलं आहे.

संघटनांना माझं सांगणं एवढंच : मंडळाचा मतदानाचा हक्क त्याच्या खेळण्याशी बांधा. त्या वर्षी ज्याचा संघ मैदानात उतरला, ज्याच्याकडे मुलं-मुली नोंदलेली आहेत आणि खरोखर सराव करतात, त्याला मत. बाकीच्यांना मान द्या, सत्कार करा, पहिल्या रांगेत बसवा. मत देऊ नका. लगेच कोणी म्हणेल, मग मतासाठी खोटे संघ उतरतील. उतरतील. पण खोटा संघ उतरवायलासुद्धा बारा पोरं मैदानावर आणावी लागतात, आणि एकदा मैदानावर आलेल्या पोरांतली दोन-चार तिथेच राहतात. कागदावरच्या मंडळापेक्षा ते बरं.

हे माझं डोकं नाही. आता त्या वहीकडे येते.

सर गेल्यानंतर त्यांच्या मुलीने ती पिशवी मला दिली. आज जे सांगणार आहे ते सांगायची परवानगीही तिने दिली आहे. ती समोर बसली आहे. वहीत डाव्या बाजूला शाईने मंडळांची नावं, नोंदणी क्रमांक, वर्गणीची पावती, सगळं नेटकं. हीच यादी दर वर्षी सभेपुढे जायची, हीच धर्मादाय कार्यालयात. पण उजव्या समासात, प्रत्येक नावापुढे, पेन्सिलीने एक बारीक अक्षर होतं. कुठे ‘ओ’, कुठे ‘को’. वर्षानुवर्षं. मला बरेच दिवस उलगडा झाला नाही. मग एका जुन्या पंचांनी सांगितलं. सर अधूनमधून संध्याकाळी न सांगता एखाद्या मंडळाच्या मैदानावरून जायचे आणि उतरून मातीला हात लावायचे. सरावाआधी पाणी मारलेलं असेल तर माती ओली. कोणी खेळतच नसेल तर कोरडी.

म्हणजे खरी यादी सरांकडे होती. कोणतं मंडळ जिवंत आहे आणि कोणतं नुसतं मत आहे, हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. चौसष्ट नावांपैकी शेवटच्या वर्षी ‘ओ’ किती होते, ते मी मोजलंय. आकडा सांगत नाही, तुमच्यापैकी कित्येकांची मंडळं त्यात आहेत. सरांनी ते अक्षर कधी शाईने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढच्या सभेत ते कार्यवाह राहिले नसते, आणि ते नसते तर दोरी धरायला दुसरं कोणी नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

एका नावापुढे शेवटची तीन वर्षं ‘को’ लिहिलेलं आहे. ते सरांचं स्वतःचं मंडळ, ज्याच्या मैदानावर ते स्वतः खेळले आणि ज्याच्या पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. पेन्सिल कुठेही दबलेली नाही, खोडलेली नाही. त्या तिन्ही वर्षांचं इतिवृत्त मी काढून पाहिलं. मंडळाचं मत दर वर्षी पडलेलं आहे, आणि ते सरांनीच टाकलेलं आहे.

मी सरांना यासाठी दोष द्यायला उभी नाही, आणि त्यांची बाजू मांडायलाही नाही. ही वही मी आज जिल्हा संघटनेच्या विद्यमान कार्यवाहांच्या हाती परत देते आहे. पुढच्या सभेची यादी करायच्या आधी त्यांनी चार संध्याकाळी काढाव्यात. मागे उभ्या असलेल्या खेळाडूंपैकी कोणीही त्यांना वाट दाखवील. कोणाची माती ओली असते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.